काचखोलीबाहेर गौरम्मा

सोलापूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात मागच्या अंगाला एक खोली होती. तिच्या छताला कौलांऐवजी जाड काचा बसवलेल्या, म्हणून सगळे तिला काचखोली म्हणत. पोट चिरायचं, गाठ काढायची, ते तिथं. सकाळचं ऊन त्या काचांतून गाळून उतरायचं आणि खोली नितळ विहिरीच्या तळासारखी निवांत दिसायची. गौरम्मानं ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला वाटलं, मेल्यावर माणूस कुठं जात असेल तर अशाच जागी जात असेल.

ती जाणारच नव्हती खरं तर तिथं कधी. अक्कलकोटच्या बाजूची, बोरी नदीकाठची, लिंगायताच्या घरातली लेक. घरात कानडी, बाजारात मराठी. नवरा चनबसप्पा ज्वारीची पोती गाडीत घालून सोलापूरच्या बाजारात आणायचा. एकदा उतारावर गाडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं. जखम फार मोठी नव्हती. पण कुणी तिच्यावर शेण थापलं, कुणी पाला चावून चोथा बांधला, कुणी चुलीतली राख भरली. पाय काळवंडला, घरभर वास सुटला, तेव्हा कुठं त्याला दवाखान्यात आणलं. उशीर झाला होता. शेवटपर्यंत त्याच्या पायाच्या पट्ट्या गौरम्माच धूत होती.

त्याची माती आणि दिवस उरकल्यावर ती दवाखान्याची चादर परत द्यायला आली. चादर तिनं नदीवर धुऊन, उन्हात कडक वाळवून, घडी घालून आणली होती. तिथल्या मोठ्या नर्स मालतीबाई त्या घडीकडे बघत राहिल्या.

"घरी कोण आहे तुमच्या?" त्यांनी विचारलं.

"कोन न्हाय. पोरबाळ झालं न्हाय. धाकटी भन हाय, ती तिच्या सासरी."

"मग इथंच राहता का? काचखोलीच्या कामाला बाई हवी आहे मला."

गौरम्मा राहिली. सव्वीस-सत्तावीस सालची ही गोष्ट.

काम म्हणजे वाफेचं. काचखोलीच्या शेजारी एक तांब्याचं मोठं पिंप होतं. डॉक्टरांचे झगे, तोंडावरच्या पट्ट्या, जखमेवर ठेवायची फडकी पत्र्याच्या डब्यांत भरून त्या पिंपात ठेवायची, खाली जाळ घालायचा आणि वाफ कोंडायची. चाकू-कात्र्या उकळायच्या. फरशी कार्बोलिकच्या औषधी पाण्यानं घासायची. डॉक्टर वेणीमाधव मोठे हुशार, तितकेच धीराचे. त्यांनी तिला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं की डोळ्यांना न दिसणारे जीव हातावर, कापडावर, धुळीत असतात. जखमेत शिरले की माणूस गेला.

"ज्वारीवर काणी पडतीय तशी," ती म्हणाली. "काळी भुकटी वाऱ्यानं उडती, कुटं बसली दिसत न्हाय. पुढल्या साली कणसं उगवत्यात तवा कळतं."

"तशीच," डॉक्टर हसून म्हणाले. "फक्त इथं पुढचं साल मिळत नाही."

वाफ सोडायची वेळ तिला फार आवडायची. पिंपाची चावी फिरवली की पांढरा लोट उठून छताला जायचा, पसरायचा, आणि त्या धुक्यात तिला काहीबाही दिसायचं. थंडीतलं रान, दवानं ओथंबलेली ज्वारी, राखणीच्या माळ्यावर उभी राहून गोफण फिरवणारी आई. कधी चनबसप्पा दिसायचा, दोन्ही पायांनी ताठ चालणारा. वाफ विरली की ती पदरानं तोंड पुसून पुढच्या कामाला लागायची. बाहेरच्या दोऱ्यांवर धुतलेल्या चादरी वाऱ्यानं फुगायच्या, लांबून गिरणीचा भोंगा यायचा, आणि दिवस असेच एकातून एक ओघळत जायचे.

अशी काही वर्षं गेली. मग एका सुगीत तिची धाकटी बहीण निंगव्वा गाडीतून आली. पोट आठव्या-नवव्या महिन्यासारखं, पण अंग वाळून काटकी झालेलं. सासरच्यांनी आधी डोहाळे पुरवले, मग महिने उलटून गेले तशी करणी झाली म्हणून अंगारे लावले. डॉक्टरांनी तपासलं. पोटात गाठ होती. काढावी लागणार होती.

निंगव्वा सगळ्याला नको म्हणत होती. गळ्यातलं सगळं काढून ठेवायचं कळल्यावर तिनं इष्टलिंगाचा चांदीचा करंडा मुठीत आवळला. "जीव गेला तरी लिंग अंगावेगळं करायची न्हाय मी." मालतीबाईंनी डॉक्टरांना विचारलं. करंडा नीट पुसून, वाफेतून काढलेल्या फडक्यात गुंडाळून दंडाला बांधायचं ठरलं. तेव्हा ती जरा सैल झाली.

"पर अक्का, तू पायजे," तिनं गौरम्माचं मनगट धरलं. "मला झोप लागस्तोवर माझा हात धरायचा. तू असशील तरच मी त्या टेबलावर चढीन."

"अंजबेड, निंगी. भिऊ नगंस. मी असनारच की तितं. शब्द दिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. गौरम्मा उजाडायच्या आत उठली आणि जळण उचलताना तिच्या बोटातून कळ गेली. दिव्यापाशी जाऊन बघितलं. उजव्या हाताच्या बोटाचं नख कडेनं लालबुंद सुजलं होतं आणि कोपऱ्यात पिवळा ठिपका धरला होता. नखुर्डं. दोन दिवसांमागं बाभळीचा काटा रुतला होता, तो तिनं उपसून टाकला आणि विसरून गेली होती.

ती तशीच उभी राहिली. एवढंसं तर बोट. मूठ मिटली की दिसतही नाही. आपण काय पोट थोडंच चिरणार? नुसता हात धरायचा. डाव्या हातानं धरू. बाहेर पूर्वेला तांबडं फुटत होतं आणि चादरींवर त्याचा रंग चढत होता. तिला आपण चालतोय की उभ्या आहोत हेही नीट समजेना. मग कुठूनसा तो वास आला, चनबसप्पाच्या पायाचा. इतक्या वर्षांनी, इतका ताजा, की तिनं मागं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं.

ती थेट मालतीबाईंच्या खोलीपाशी गेली आणि हात पुढे केला.

मालतीबाईंनी बोट उजेडात धरलं. "केव्हापासून?"

"आज दिसलं. कापडं काल मीच भरलीत, बाई. आता काय करायचं?"

"भरल्यावर वाफ दिली ना? मग त्यातलं काही उरलं नसेल. तरी मी दुसरे डबे लावते, तुमच्या मनाला घोर नको." त्यांनी बोट सोडलं. "पण आज तुम्ही काचखोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, गौरम्मा. पिंपालाही हात लावायचा नाही."

"म्हाईत हाय. म्हनून तर आले."

निंगव्वाला सांगायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. व्हरांड्यात, खाटेपासून लांब उभी राहून ती बोलली. निंगव्वानं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मग मी बी न्हाय जात. गाडी जुंपायला सांग. शब्द दिलतास तू."

"दिलता. मोडतीय." गौरम्मानं बोट वर धरलं. "ह्ये बघ. तुझ्या भावजीचा पाय आठवतोय? तू लुगड्याचा पदर नाकाला लावून दारात बसली व्हतीस. त्यो वास तुझ्या पोटात मी माझ्या हातानं नेऊ व्हय गं?"

निंगव्वानं भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"मग हात कोन धरनार?"

"मी धरीन," मालतीबाई मागून म्हणाल्या. "तुम्हाला झोप लागेपर्यंत. मग मी पुन्हा हात धुऊन कामाला लागेन."

निंगव्वानं वळून एकदा अक्काकडे बघितलं. ते बघणं गौरम्माला पुढे कितीतरी दिवस छळत राहिलं. मग स्ट्रेचर आत गेलं, दार लागलं.

गौरम्मा व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसली. दाराच्या फटीतून क्लोरोफॉर्मचा गोडसर वास येत होता. तिच्या डोळ्यांवर झापड आली की नाही, कुणास ठाऊक. पण ती बोरीच्या काठी होती. दोघी पोरी कमरेएवढ्या धुक्यातून चालत होत्या, पायांना गार माती लागत होती, ज्वारीची ताटं अंगावर दव सांडत होती. निंगी पुढं, आपण मागं. ती हाक मारीत होती, पण निंगी थांबत नव्हती, धावतही नव्हती. नुसती चालली होती, पांढऱ्या उजेडाकडे. गौरम्मानं हात लांबवला आणि भोंगा झाला.

दार उघडलं. डॉक्टर घामानं भिजले होते. "भोपळ्याएवढी होती," ते म्हणाले. "सगळी निघाली. आता जखम काय म्हणते ते बघायचं."

ते दिवस वाईट गेले. एका संध्याकाळी निंगव्वाला कणकण भरली, आणि गौरम्मा खिडकीबाहेर उभी राहून नुसती तिची छाती वरखाली होताना बघत राहिली. तिच्या बोटाचा पू डॉक्टरांनी काढला होता, हाताला पट्टी होती, आत जायची परवानगी नव्हती. पहाटे ताप उतरला. मालतीबाईंनी जखम उघडून पाहिली आणि खिडकीकडे वळून म्हणाल्या, "कोरडी आहे."

गौरम्मानं पदरानं तोंड पुसलं.

बोट बरं होऊन ती पहिल्यांदा खाटेजवळ गेली तेव्हा निंगव्वा भाताची पेज पीत होती. तिनं वाटी खाली ठेवली.

"मला लई राग आलता तुझा."

"म्हाईत हाय."

"पर झोपेत मी रानात व्हते बघ. सगळं पांढरं, धुक्यावानी. आन् तू मागनं यिऊन हात धरलास. सोडला न्हाईस."

"मी भायेर बसले व्हते, निंगी."

"ठाव हाय की," निंगव्वा म्हणाली, आणि वाटी पुन्हा उचलली.

निंगव्वा महिनाभर राहिली. चालायला लागल्यावर ती उन्हात बसून अक्काबरोबर फडक्यांच्या घड्या घालायची. आधी मालतीबाईंसमोर हात धुऊन दाखवायची आणि मगच कापडाला शिवायची. दोघी बहिणी कानडीत हळू आवाजात बोलत, मधेच हसत. सासरहून गाडी आली तेव्हा ती जड पावलांनी चढली. पुढं गावात कुणाला काही लागलं की तीच आधी धावायची, शेणाचा हात झिडकारायची, पाणी उकळायला लावायची. तिच्या सासूनं तिला डॉक्टरीण म्हणून टोचलं, पण शेतात सासूचाच पाय विळ्यानं कापला तेव्हा तो तिनं निंगव्वापुढेच केला.

गौरम्मा दवाखान्यातच म्हातारी झाली. डॉक्टर वेणीमाधव बदलून गेले, दुसरे आले. नजर अधू झाल्यावर तिनं पिंपाचं काम सोडलं, पण पहाटे ती वाफेच्या खोलीत येऊन बसायची. नवी बाई चावी फिरवायची, लोट उठायचा, आणि गौरम्मा तोंड वर करून त्या ओल्या उबेत डोळे मिटून घ्यायची.