वेलचीची पुडी

सुपरमार्केटच्या दारात आपली पिशवी पट्टीने बंद करतात, पण पदराला पट्टी लावता येत नाही. काल रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका नीटनेटक्या आजींच्या पदराआडून वेलचीची पुडी निघाली.

“रोज कोणी ना कोणी सापडतंच, आणि बहुतेक खाऊनपिऊन सुखी घरचे,” काउंटरवरची मुलगी मला म्हणाली. मी एकटाच राहतो, मला नवल वाटलं नाही. घरी दिवस दिवस आपल्याकडे कोणी बघत नाही. इथे निदान कॅमेरा तरी बघत असतो.

मॅनेजर वैतागून म्हणाला, “आजी, मुलाला फोन लावू का?”

आजींनी लगबगीने नंबर सांगितला.

“लावा ना,” त्या म्हणाल्या, “तुमचा तरी उचलेल.”