वेगळी थाळी

"तुझी थाळी वेगळी सांगितलीय गं. तुला स्पायसी लागतं ना?" पराग हसत म्हणाला. पराग आमचा टीम लीड, पुण्याचा.

मी तसं कधीच म्हटलं नव्हतं.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या ऑफिसजवळचं हे हॉटेल. सहा टेबलं, कागदी नॅपकिन, काउंटरवर मालकीण मावशी. स्वस्त आणि पोटभर. दर शुक्रवारी दुपारी आम्ही पाचजण तिथे जेवायचो. रीत ठरलेली. प्रत्येकाने एकेक भाजी मागवायची, वाडगे मधे ठेवायचे, नान मोडून हवं त्यात बुडवायचं. तीन वर्षं माझा घास आणि परागचा घास एकाच पालक पनीरमध्ये बुडला. कुणाला काही झालं नाही.

मग एका शुक्रवारी बाबांचा फोन आला, नागपूरहून. एरवी मी फोन घेऊन बाहेर जायचे. बर्फ पडत असला तरी. त्या दिवशी हात बरबटलेले होते. टेबलावरच स्पीकर लावला आणि सवयीने बोलून गेले, "जय भीम, बाबा."

"जय भीम, बेटा. जेवली का व?"

परागने नान खाली ठेवला. "अच्छा," म्हणाला. एवढंच.

पुढच्या शुक्रवारी ही थाळी. टेबलाच्या टोकाला. वाडगे त्यांच्याकडे सरकवलेले. बाकीचे तिघे फोनमध्ये डोकं घालून. आणि मी जेवले. मुकाट. वर थँक्यूही म्हटलं. माझा व्हिसा नोकरीवर, नोकरी परागच्या रिव्ह्यूवर.

असे तीन शुक्रवार. बाबांनी गावात वेगळ्या कपातला चहा कधी घेतला नाही. तहानलेले उठून आले. आणि मी, इंजिनिअर झालेली त्यांची मुलगी, अमेरिकेत येऊन वेगळं ताट चाटूनपुसून खात होते. त्यांचा फोन घ्यायला बर्फात पळत होते. परागचा राग होताच. स्वतःची किळस त्याहून जास्त आली.

चौथ्या शुक्रवारी मावशी थाळी घेऊन आल्या. मी म्हटलं, "मावशी, ही परत न्या. मी सगळ्यांबरोबर जेवणार आहे."

खुर्ची ओढून मधे बसले. नान मोडला आणि परागच्या पुढ्यातल्या छोल्यांत बुडवला.

त्याने हात मागे घेतला. "आय ॲम डन."

"आत्ता तर बसलास. काय झालं, मोठ्याने सांग."

"यार, इथे कशाला हे सगळं? इट्स जस्ट फूड."

"मग खा."

त्याने खाल्लं नाही. उठला. त्याच्यामागून तिघेही उठले. त्यातल्या एकाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याची मला परागपेक्षा जास्त चीड आली.

मी बसून राहिले. जेवले. रागाने. भीतीनेही, खोटं कशाला बोलू.

ऑफिसात येऊन एचआरचा तक्रारीचा फॉर्म उघडला. वंश, धर्म, लिंग, वय, सगळ्याला चौकोन होते. जातीला नव्हता. ‘इतर’वर खूण केली आणि सगळं लिहिलं. कोण काय बोललं ते शब्दाला शब्द. नाव गुप्त ठेवायचं का, असं विचारलं होतं. नाही म्हटलं. आडनावासकट पूर्ण नाव घातलं आणि फॉर्म पाठवून दिला.

व्हिसा जायचा तर जाईल. येत्या शुक्रवारी मी त्याच टेबलावर, मधे बसणार आहे. माझ्याबरोबर ज्याला जेवायचं नाही, त्याने उठावं. मी उठणार नाही.