बदामाचा शिक्का

अक्षर वेडंवाकडं आहे, कुणाच्या हाती पडलं तर माफी असावी. शाळा चौथीत सुटली. ही वही मी माझ्यापुरतीच लिहिते.

कोळवणला पुण्याच्या एका साहेबांचं फार्महाऊस आहे, तिथे मी झाडलोट करते. बैठकीच्या भिंतीवर दोन जुन्या चकमकीच्या बंदुका असायच्या. चापावरच्या घोड्याच्या जबड्यात गारगोटी, चाप ओढला की ती पोलादावर आपटली की ठिणगी पडते, असं साहेब पाहुण्यांना सांगत. एक त्यांच्या वडिलांची. दुसरी बावधनच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली. दोन्हींच्या घोड्याखाली लोखंडात पत्त्यातल्या बदामाचा शिक्का, त्याचे चार भाग, प्रत्येकात एक इंग्रजी अक्षर; ती कंपनी सरकारची खूण, तिच्यामुळेच बंदुकीला मोल, असं साहेब म्हणत.

खंडेनवमीला हत्यारं पुजतात. म्हणून आदल्या दिवशी मी दोन्ही खाली उतरवून चिंचेचा कोळ लावला आणि राखेने घासल्या. घरचा विळा-कोयता घासते तशाच.

साहेब आले आणि कपाळाला हात लावून बसले. "मावशी, त्या जुन्या रंगालाच तर किंमत असते."

त्यांनी व्यापाऱ्याला बोलावलं. त्याने फक्त आपण विकलेली बंदूक बघितली, वडिलांच्या बंदुकीला हातही लावला नाही. म्हणाला, "ताईंनी पॉलिश पेपर मारलाय. आता ही भंगारात." माझ्या पगारातून महिन्याला हजार रुपये कापायचं ठरलं.

पॉलिश पेपर मी लावलाच नव्हता. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. वडिलांच्या बंदुकीचा तपकिरी रंग सकाळभर घासूनही गंजाच्या खड्ड्यांत राहिला होता. व्यापाऱ्याच्या बंदुकीचा रंग पहिल्याच हाताला काळ्या पाण्यासारखा निघून गेला. मग रोज पुसताना मी शिक्क्यांवरून बोट फिरवू लागले. वडिलांच्या बंदुकीत गंजाने बदामाची एक बाजू खाल्लेली. दुसरीत चहूकडे खड्डे, पण बदाम मात्र कोरा करकरीत, कडा बोटाला लागतील असा. माझ्या आईच्या हंड्यावरचं नाव घासून घासून पुसट झालंय. हंडा झिजला की नावही झिजतं.

दोन महिने पैसे कापले गेले. तिसऱ्या पगाराला मी धीर केला.

"साहेब, ह्या बदामावर बोट फिरवा. आन मग त्या दुसऱ्यावर."

त्यांनी फिरवलं. परत फिरवलं.

"हंडा जुना हाय, नाव काल घातलंय कुनीतरी," मी म्हणाले.

"मग इतके दिवस गप्प का बसलात?"

"तुमी इचारलं कुटं?"

त्या महिन्याचे पैसे कापले नाहीत. साहेबांनी पुण्यातल्या एका जाणकाराला बंदूक दाखवली. त्याने भिंगातून बघून तेच सांगितलं: बंदूक जुनी, शिक्का अलीकडे मारलेला, वरचा रंग लावलेला. व्यापारी आधी म्हणाला, "कामवालीचं काय ऐकता?" मग निमूटपणे बंदूक परत घेऊन गेला आणि साहेबांचे पैसे देऊन गेला.

वडिलांच्या बंदुकीचा थोडा रंग माझ्या हातून गेला, ते मी नाकारत नाही. साहेबही त्यावर काही बोलले नाहीत. पण माझ्या कापलेल्या पैशांबद्दलही आठवडाभर काही बोलले नाहीत, तेव्हा मला त्यांचाही संशय आला. शनिवारी त्यांनी पाकीट दिलं. समोर मोजायची लाज वाटली. एसटीच्या थांब्यावर एकेक नोट उन्हात धरून बघितली, कडेवरून बोट फिरवलं. पाचशेच्या चार. दोन हजार, पूर्ण.