दुसऱ्यांचे थिसिस

"बसा हो, बघू काय ते," म्हणत मॅडम स्वतःची खुर्ची समोरच्याला द्यायच्या आणि आपण स्टुलावर बसायच्या. नाशिकच्या एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत मी काम करतो. हे दृश्य मी इतकं पाहिलंय की आजही चीड येते.

मॅडम कळवणच्या. एमबीबीएस झालेल्या, आमच्याच कॉलेजात ट्यूटर. मेडिसिनमध्ये एमडी करायचं, एवढी एकच ओढ. प्रवेश परीक्षेच्या पहिल्या प्रयत्नात रँक कमी पडली, तेव्हा एका सरांनी सल्ला दिला, "आधी पीएचडी कर. रेसिडेन्सीच्या प्रवेशाला वजन पडतं." सरांना त्यांच्या संशोधनासाठी राबणारं माणूस हवं होतं. ते आम्हाला दिसत होतं, मॅडमना नाही.

"आणि प्रवेश परीक्षेचा अभ्यास?" मी एकदा विचारलं.

"अहो, केलेलं वाया जात नाही."

पीएचडी मिळाली. वडिलांनी कळवणला स्टँडजवळ फ्लेक्स लावला. त्यावर अख्ख्या भावकीचे फोटो, आणि सगळ्यात लहान फोटो मॅडमचा! त्याचा फोटो दाखवताना त्या पोट धरून हसल्या होत्या.

मग पुन्हा परीक्षा दिली. इतक्या वर्षांत अभ्यास पार मोडलेला, रँक पहिल्यापेक्षा खाली. पीएचडीचं काही धरतात का, म्हणून त्यांनी ऑफिसात विचारलं. क्लार्क म्हणाला, "मॅडम, इथं फक्त रँक चालते. बाकी तुमच्याकडं काय पण असू द्या."

मॅडम त्या सरांकडे गेल्या. सर म्हणाले, "मी परदेशाबद्दल बोलत होतो." अशा माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

एमडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला थिसिस लिहावा लागतो आणि बहुतेकांना तो लिहिता येत नाही. मग ही मुलं फाइल घेऊन मॅडमकडे. जी सीट यांना मिळाली नाही, त्या सीटवरची मुलं! मॅडम त्यांची आकडेमोड तपासायच्या, वाक्यं दुरुस्त करायच्या. पास झाली की मुलं पेढे ठेवून जायची. मॅडम ते आम्हाला वाटून टाकायच्या, स्वतः कधी एकही खाल्ला नाही.

एका नव्या मुलीनं विचारलं, "मॅडम, पीएचडीचा एमडीला फायदा होतो का?"

"होतो ना. दुसऱ्यांच्या एमडीला."

ती मुलगी हसली. मला हसू आलं नाही.

गेल्या वर्षी मॅडमनी राजीनामा दिला आणि गावाकडच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाल्या. त्यानंतरच्या सोमवारी एमडीचे दोन रेसिडेंट फाइल घेऊन काउंटरवर आले.

"मॅडम कुठायत?"

"नोकरी सोडली त्यांनी."

"बाप रे! आता आमचा थिसिस कोण बघणार? नंबर द्या ना त्यांचा."

त्यांनी नोकरी का सोडली, एकानंही विचारलं नाही.

"माझ्याकडे नाही," मी म्हणालो.

नंबर होता. दिला नाही.