चावऱ्या घोड्याचं पिस्तूल

पिस्तूल मी नवऱ्याला न विचारता विकत घेतलं. हे मी आजही जरा अभिमानानेच सांगते, कारण त्याआधीच्या अकरा वर्षांच्या संसारात पडद्यांचा रंगसुद्धा मी त्याला विचारून ठरवला होता.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. आम्ही टेक्सासात, प्लेनोला राहत होतो. नवरा डॅलसच्या एका हॉस्पिटलात इमर्जन्सीचा डॉक्टर होता. मी टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत ड्रॉइंगच्या टेबलावर बसायचे. शेजारच्या टेबलावर साठीच्या एक बाई होत्या, दर शनिवारी गावाबाहेरच्या रेंजवर नेमबाजीला जाणाऱ्या. एकदा लंचला मी सहज बोलून गेले, की नागपूरला कॉलेजात असताना मिलिटरी ट्रेनिंगच्या तासाला मीही रायफल चालवायचे आणि बरी चालवायचे. त्या शनिवारी बाई सकाळीच गाडी घेऊन दारात हजर. सहा महिने त्यांचं पिस्तूल उसनं वापरलं आणि मग मला स्वतःचं हवंसं वाटायला लागलं.

बंदुकांच्या दुकानदाराने काउंटरखालून मेणकागदात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं. आत काळपट, दाट ग्रीझमध्ये लडबडलेलं नऊ एमएमचं पिस्तूल होतं. महायुद्धात कॅनडात बनलेलं, चीनच्या फौजेसाठी. आता फौजेने टाकून दिलेल्या मालातून फिरत फिरत टेक्सासात आलेलं. नेम धरायची मागची पट्टी वर सरकवता येत होती आणि तिच्यावर पाचशे मीटरपर्यंत आकडे कोरलेले होते. पिस्तुलाने पाचशे मीटर! ते आकडे बघून मला हसू आलं आणि मी ते घेतलं.

घरी रणकंदन झालं. "मी रोज काय शिवतो ते तुला माहीत नाही?" नवरा म्हणाला. "गोळ्या लागलेली माणसं शिवतो मी. पोरं शिवतो." तो चूक बोलत नव्हता आणि मीही तसं म्हणाले नाही. पण पिस्तूल परतही केलं नाही. शेवटी तोडगा निघाला. पिस्तूल गॅरेजमध्ये पोलादी पेटीत, गोळ्या वेगळ्या पेटीत, दोन्ही किल्ल्या माझ्या गळ्यात, मंगळसूत्राशेजारी. आणि आमच्या नऊ वर्षांच्या लेकीसमोर त्याचं नाव काढायचं नाही.

पिस्तूल मात्र दिसायला राजबिंडं आणि स्वभावाने खट्याळ निघालं. दर तीन-चार गोळ्यांनंतर रिकामं काडतूस आतच अडकायचं. ते काढताना माझी नखं तुटायची आणि आजूबाजूचे पुरुष सल्ले द्यायचे. शिवाय बार उडाला की पिस्तुलाच्या पाठीवरचा घोडा मागे येऊन माझ्या अंगठ्याच्या बेचक्यात चिमटा काढायचा. दुकानदार म्हणाला, नळीच बदलावी लागेल आणि तसली नळी आता मिळणार नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरात माझे सासरे सहा महिन्यांसाठी आले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. साताऱ्याकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. आबा सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसायचे, ते संध्याकाळपर्यंत तसेच. दिवसातून दोनदा पोस्टाच्या पेटीपर्यंत चालून यायचे. लेक मला म्हणाली, "मम्मी, आबा इज सो बोअर्ड." मलाही ते दिसत होतं, पण सासऱ्यांशी बोलायचं तरी काय? ते फौजेत असताना माझा नवरा पुण्यात काकांकडे वाढलेला. वडील नेमकं काय करायचे विचारलं, तर तो म्हणायचा, "स्टोअरमध्ये होते. स्क्रूबिक्रू पिळायचे."

एका रविवारी मी आबांना गरम भाकरी वाढत होते. त्यांनी ताटावरून नजर उचलली आणि माझ्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याच्या बेचक्यात आदल्या दिवशीची ताजी जखम होती.

"सूनबाई, घोडा चावला का?"

लेकीने डोळे विस्फारले. "घोडा? वुई हॅव अ हॉर्स?"

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. नवऱ्याने मान खाली घातली. आबा शांतपणे म्हणाले, "वीस वर्षं बघितलीय ही खूण. नव्या साहेबांच्या हातावर असायची. कॅनडाचं आहे का?"

जेवण झाल्यावर मी त्यांना गॅरेजमध्ये नेलं. लाजेने माझे कान तापले होते. सुनेने पिस्तूल बाळगावं, तेही सासऱ्यांना न सांगता! पण पेटी उघडल्यावर आबांनी विचारलं ते एवढंच, "पांढरी चादर आहे का एखादी?"

मी चादर आणली. त्यांनी ती टेबलावर अंथरली, सुरकुत्या काढल्या, खिशातला चष्मा पुसून लावला. आधी पिस्तूल रिकामं आहे का ते दोनदा पाहिलं, मग मलाही पाहायला लावलं. "दुसऱ्याने सांगितलं म्हणून रिकामं मानायचं नाही. सासऱ्याने सांगितलं तरी नाही." मग एकेक भाग सुटा करून ते चादरीवर ओळीने मांडत गेले. 

तेव्हा मला कळलं, आबा फौजेत आर्मरर होते. पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारा, त्यांची जबाबदारी घेणारा माणूस. आणि आपल्या फौजेकडे वर्षानुवर्षं हेच कॅनडाचं पिस्तूल होतं.

त्यांनी नळी उजेडासमोर धरली आणि आत डोकावून बराच वेळ पाहिलं. "नळी झकास आहे. गोळी बसते ते घर घाण आहे. जुनं ग्रीझ जळून लाखेसारखं घट्ट बसलंय. काडतूस तापलं की तिथे चिकटतं. नळी बदला म्हणणारा माणूस आळशी."

दोन दिवस ते त्याच कामात होते. चायनीज जेवणाबरोबर आलेल्या लाकडी काड्या स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये पडून होत्या. त्यांना जुन्या धोतराची पट्टी गुंडाळून, तेलात बुडवून आबा घासत राहिले. लोखंडाचं काही आत घालू देईनात. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून नळीत पाहायला लावलं. आत आरशासारखं लखलखत होतं.

"आता हे वाजवून बघायला लागेल," आबा म्हणाले. "दुरुस्त केलेलं हत्यार आधी स्वतः वाजवायचं, मग दुसऱ्याच्या हातात द्यायचं. नियम आहे."

शनिवारी मी त्यांना रेंजवर घेऊन गेले. उत्तरेचा बोचरा वारा होता. आबांनी कोटावर मफलर आणि डोक्यावर माकडटोपी घातली होती. रेंज सांभाळणारे एक दांडगे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते, निवृत्त अग्निशमनवाले. त्यांनी आबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला हळूच विचारलं, "ग्रँडपाला आवाज सोसेल ना?"

आबांनी टोपी काढून माझ्याकडे दिली, कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले आणि पंचवीस यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या मारल्या. घाई नाही, थांबणं नाही. एकही काडतूस अडकलं नाही. कागद जवळ आणला तेव्हा पाचही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली जात होती. आबांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं, कागदाच्या कोपऱ्यात मराठीत सही केली, तारीख घातली आणि पिस्तूल रिकामं करून माझ्यापुढे ठेवलं. "घ्या सूनबाई. तयार आहे. मूठ जरा खाली धरा, म्हणजे चावणार नाही."

मिशीवाले आले आणि किती तरी वेळ तो कागद बघत राहिले. मग त्यांनी स्वतःचं पिस्तूल आणून आबांसमोर ठेवलं. "सरांना विचारशील का, हे डावीकडे का मारतं?" ग्रँडपाचे सर व्हायला पाच गोळ्या पुरल्या होत्या.

त्यानंतर दर शनिवारी आबांची वाट पाहिली जाऊ लागली. मिशीवाल्यांनी त्यांच्यासाठी पत्र्याच्या शेडमध्ये एक टेबल मांडलं. चादर आम्ही घरून न्यायचो. लोक आपापली जुनी हत्यारं आणायचे, मी मध्ये बसून मराठीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी करायचे. कुणी पिस्तुलाचं तोंड भलतीकडे धरलं, तर मात्र आबांना दुभाषी लागत नसे. त्यांच्या एका "एऽऽ!" ने सहा फुटी माणसं जागच्या जागी थिजायची.

फेब्रुवारीत रेंजची स्पर्धा होती. मी नाव दिलं. पुरुष आणि बायका मिळून एकोणीस जण होते. स्पर्धेच्या दिवशी, का कोण जाणे, नवराही आला. तो कुंपणापाशी हात खिशात घालून उभा राहिला. माझ्या दहा गोळ्या झाल्या. पिस्तूल एकदाही अडलं नाही, घोडा एकदाही चावला नाही. मी दुसरी आले. पहिल्या आल्या त्या माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई, म्हणून दुसऱ्या नंबरचं मला तिळमात्र वाईट वाटलं नाही.

मी परत आले तेव्हा मिशीवाले माझ्या नवऱ्याशी बोलत होते. "तुमच्या वडिलांसारखा माणूस मी चाळीस वर्षांत पाहिला नाही," ते म्हणत होते. "आमच्या इथल्या निम्म्या लोकांना धोकादायक सवयी होत्या. त्यांनी दोन महिन्यांत मोडल्या. डॉक्टर, कदाचित तुमचे काही पेशंट त्यांनी कमी केले असतील."

 शेडमध्ये आबा चादरीची घडी घालत होते. नवरा गेला आणि चादरीची दुसरी दोन टोकं त्याने धरली. दोघांनी मिळून घडी केली. गाडीत बसल्यावर तो एवढंच म्हणाला, "आबा, तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस," आबा म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. मग प्लेनो येईपर्यंत नवरा प्रश्न विचारत राहिला आणि आबा उत्तरं देत राहिले. मी मागच्या सीटवरून ऐकत होते. पिस्तुलाबद्दलचं त्याचं मत काही बदललं नाही, आजही बदललेलं नाही. पण त्या दिवसापासून घरी कुणी आलं, की तो "माझे वडील फौजेत आर्मरर होते" असं आपणहून सांगायला लागला.

मार्चमध्ये आबा परत गेले. पुढच्या वर्षी आम्ही भारतात गेलो तेव्हा साताऱ्याच्या घरी पोचून मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या, तोच शेजारच्या दोन काकू आणि एक मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. मला निरखून पाहत एकीने विचारलं, "टेक्सासवाल्यांना हरवणारी ती तूच का गं?"

चौकशी केल्यावर कळलं, गल्लीतल्या प्रत्येक घरात आबांनी माझा दुसरा नंबर सांगितला होता. किती जण होते, वारा कुठून होता, कितवी गोळी कुठे लागली, सगळं. स्वतःच्या पाच गोळ्यांबद्दल, शेडमधल्या टेबलाबद्दल, मिशीवाल्यांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मग मी पदर खोचला, काकूंना आणि मावशींना ओसरीवर बसवलं, आणि ते सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. आबा आत जाऊन चहा टाकतो म्हणाले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.