मालुबाईंची काव आणि नागिणीची लस

माझ्या सासूबाई मालुबाई, म्हणजे आमच्या आत्ती, बेळगावजवळच्या मच्छे गावात नागिणीवर काव लावतात. कंबरेवर आग करणारे फोड उठले की माणूस आधी आमच्या दारात येतो. आत्ती सहाणेवर तांबडी काव उगाळतात, दर्भाच्या काडीने फोडांभोवती रेघ ओढतात आणि वर दम भरतात, "हालू नको. नागिणीचं तोंड नि शेपूट एक झालं तर मी जबाबदार न्हाय." चाळीस वर्षं हा थाट चाललाय. हाताला गुण आहे म्हणतात लोक, आणि आत्तींना ते ऐकायला फार आवडतं.

मी बेळगावात मेडिकलच्या दुकानात कामाला. साठी उलटली, नागिणीची लस घ्या, म्हणून वर्षभर त्यांच्या मागे लागले होते. उत्तर ठरलेलं. "काव लावणारीनं लस घेतली तर हाताचा गुण जातोय. गाव काय म्हणंल गं रचना?" मी चिडायचे, त्या माझ्याहून चिडायच्या, आणि त्या रागात त्यांच्या भाकऱ्या मात्र टम्म फुगायच्या.

पण एक गोष्ट त्यांना आतून खात होती. त्यांची थोरली बहीण अक्काताई हिंडलग्याला असते. दोन वर्षांपूर्वी तिला कुशीवर नागीण झाली, तेव्हा आत्तींनीच काव लावली. फोड गेले, आग राहिली. अजून ती त्या कुशीला पदर लागू देत नाही. विचारलं की म्हणते, "बरं हाय."

गेल्या महिन्यात एका सकाळी आत्ती एकदम म्हणाल्या, "चल, लस घेऊया. मच्छेत न्हाय, शहापुरात. आणि तुझा गॉगल दे."

डोक्यावरून पदर, त्याखाली माझा गॉगल, अशा त्या शहापुरातल्या दवाखान्यात शिरल्या. बाकावर आमच्या गावचे गिरणीवाले भरमाआप्पा! गॉगल काही कामाला आला नाही. आप्पा ताडकन उठले आणि संडासात शिरले. आत्तींनी मला चिमटा काढला. "बघितलं त्यानं. आता गावभर सांगतोय बघ."

नर्सने आप्पांचं नाव तीनदा पुकारलं. शेवटी आतून आवाज आला, "मालाक्का गेली काय?"

सगळा दवाखाना आमच्याकडे बघायला लागला. आत्तींनी गॉगल काढला. "या बाहीर आप्पा. मी बी लसच घ्यायला आलोय."

दार किलकिलं झालं. "तुमच्या कावंवर इस्वास हाय वो आक्का! पण पोरगा ऐकंना झालाय."

आत्ती हसायला लागल्या त्या थांबेचनात. दंड इतका हलत होता की नर्स सुई घेऊन नुसती उभी. शेवटी मी दंड धरला, आप्पांनी पदर सावरला, आणि लस एकदाची टोचली.

रिक्षात मी अजून हसतच होते. आत्तींनी मात्र रिक्षा हिंडलग्याला घ्यायला लावली.

अक्काताई घराच्या पुढच्या सोप्यात तांदूळ पाखडत होती. आत्ती दारातूनच म्हणाल्या, "आक्का, मी आज लस घेतली. तुला तवाच दवाखान्यात न्यायला पायजे होतं. न्हेलं न्हाय. चुकलं माझं."

अक्काताईने सूप खाली ठेवलं. "लई दुखतंय गं मालू," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तुझ्या दारात कोण आलं नसतं."

आत्तींना रडू कोसळलं. मलाही. त्या बहिणीच्या चांगल्या कुशीला टेकून बसल्या.

"उद्या डॉक्टरकडं जाऊया," आत्ती म्हणाल्या. "कुठनं कुठवर दुखतंय, सगळं सांग आता."

आणि अक्काताई सांगत राहिली.