थोरलीच्या खणातले काप

घरात ती थोरली जाऊ, आणि इस्पितळाच्या तपासणी खोलीतही थोरलीच. मान मात्र धाकटीला. आता सांगा, कुणाच्या पोटात दुखणार नाही?

थोरलीचं काम रोग्याच्या गाठीच्या, मेणात बसवलेल्या तुकड्याचे काप काढायचं. इतके पातळ, की जवळ शिंकायची सोय नाही. एवढं करून कौतुक शून्य. धाकटी त्याच कापांवर मार्करचे, म्हणजे रोगाच्या पेशी ओळखणाऱ्या औषधाचे, थेंब सोडायची. मार्करने ठराविक पेशींना धरलं की तिथे तपकिरी रंग उमटायचा, आणि डॉक्टरबाई सगळ्यांना हाका मारायच्या, "बघा, किती सुरेख उतरलंय!"

"कशावर उतरलंय तेही विचारा की," थोरली पुटपुटायची.

तिने मग एक बेत रचला होता. दरवेळी एक-दोन काप जास्तीचे काढायचे, गुपचूप खणात ठेवायचे. एक दिवस स्वतः मार्कर लावून धाकटीचा तोरा उतरवायचा.

अशात एका म्हातारबाबांच्या पापणीवरची गाठ तपासायला आली. कातडीच्या दुर्मिळ कॅन्सरचा संशय. तुकडा जेमतेम मसुराएवढा. थोरलीने काप पाण्यावर सोडले आणि धाकटीने घाईघाईत ते साध्या काचेवर उचलले. मार्करसाठी काच चिकट लेपाची लागते, नाहीतर मार्करआधीच्या गरम पाण्यात काप सुटून जातो. थोरलीने पाहिलं. ओठांवर आलेलं गिळलं. होऊ दे एकदा बाईसाहेबांची फजिती!

झालीच. काचा कोऱ्या निघाल्या, आणि मेणात तुकड्याचा कणही उरला नव्हता.

"पुन्हा तुकडा काढावा लागणार," डॉक्टरबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "तोही डोळ्याला लागून. बाबा आधीच घाबरलेत."

धाकटीचा चेहरा एवढासा झाला. थोरलीला कोण आनंद व्हायला हवा होता! पण पापणीवरची ती सुरी काही डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी तिने खण ओढला. लेपाच्या काचा, त्याच गाठीचे काप.

"हे घे. पण थेंब मी सोडणार. तू नुसतं सांगायचं."

"सोडा ना, ताई! माझा तर आता माझ्यावरच भरवसा नाही."

एका मार्करने पेशीपेशीत तपकिरी ठिपका उठला. फुप्फुसाच्या कॅन्सरवर रंगणारा दुसरा मार्कर कोराच राहिला. म्हणजे गाठ तिकडून पसरलेली नव्हती; कातडीतलीच, तीच दुर्मिळ. आता नेमके उपचार सुरू करता येणार होते, आणि पापणीला पुन्हा तपासणीची सुरी नको.

"शाब्बास!" डॉक्टरबाई सवयीने धाकटीकडे वळल्या.

"मी नाही हो. मी तर घाण केली होती. सगळं ताईंनी सावरलं."

थोरली फुलली. घरी पोचेपर्यंत फुललेलीच होती. तिथे सासूबाईंनी सगळं ऐकलं, उठल्या आणि धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला.

"केवढं गं तुझं मन मोठं! दुसरी कुणी असती तर जावेचं नाव तरी घेतलं असतं का?"

थोरली भांडी घासायला बसली. त्यांचा आवाज म्हणे कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेला.